इंदूरहून सातपुडा: आधी उतरायचं, मग चढायचं

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. उद्यानाचं खालचं प्रवेशद्वार असलेल्या मढईचा नदीकाठ साडेतीनशेवर आणि पचमढी या थंड हवेच्या ठिकाणाजवळच्या धूपगडचा माथा साडेतेराशेवर. म्हणजे माळव्याच्या पठारावरून सातपुड्याच्या राष्ट्रीय उद्यानाला निघालेला माणूस आधी दोनशे मीटर उतरतो आणि मग हजार मीटर चढतो. हे तीन आकडे ध्यानात घेतले की सहलीचा क्रम आपोआप ठरतो: आधी मढई, मग पचमढी.

आपल्याकडची बहुतेक कुटुंबं नेमकं उलट करतात. थेट पचमढी गाठतात, तीन दिवस एकामागून एक पॉइंट उरकतात आणि परतीच्या वाटेवर अर्धा दिवस मढईला देतात. त्यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पचमढीच्या पायऱ्यांनी पोटऱ्या भरून आलेल्या असतात, त्यामुळे जंगलात पायी फिरायचं मन होत नाही. शिवाय घाट उतरून, पिपरियाच्या गर्दीतून निघून दुपारच्या सफारीच्या वेळेला मढईच्या नावेवर पोचणं जमलं तर जमलं. उशीर झाला की गाडी थांबत नाही आणि परवान्याचे पैसे परत मिळत नाहीत. खालून वर गेलं की पाय हळूहळू तयार होतात, आणि जंगल कसं बदलत जातं तेही क्रमाने दिसतं: खाली सागवान, वर साल.

पाच दिवस पुरतात. पहिला दिवस प्रवासाचा, पुढचा दीड दिवस मढईचा, दीड पचमढीचा आणि शेवटच्या दिवशी घर. यात कान्हा नाही, बांधवगड नाही, जबलपूरचं भेडाघाट नाही. ते जोडायचा मोह होतो, पण तो आवरावा.

परवाना तीन-चार महिने आधी बघायला लागतो. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचं आरक्षण वन विभागाच्या एकाच ऑनलाइन पोर्टलवर होतं. तिथे प्रवेशद्वार, तारीख आणि सकाळ की दुपार हे निवडायचं. सफारीच्या एका जिप्सी गाडीत जास्तीत जास्त सहा जण बसतात. खर्चाचे तीन भाग वेगवेगळे असतात: परवाना, जिप्सीचं भाडं आणि गाइडचं मानधन. ऑनलाइन दिसते ती बहुधा फक्त परवान्याची रक्कम, बाकीचे दोन भाग तिथे गेल्यावर द्यायचे असतात. हे माहीत नसलं की फाटकावर वाद होतो.

नाव ओळखपत्रावर आहे तसंच भरायचं. घरात 'बाळासाहेब' आणि आधारवर दुसरंच नाव, हा आपल्या मराठी घरांतला नेहमीचा घोळ. लग्नानंतर आडनाव बदललेलं पण कार्ड जुनंच, हा दुसरा. मूळ ओळखपत्र जवळ हवं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. प्रवेशद्वाराचं नाव दोनदा वाचा. सातपुड्यात मढई आणि चूरना ही वेगळी नावं आहेत आणि चूरना जंगलाच्या बऱ्याच आतल्या अंगाला आहे. एकाच उद्यानाची दोन दारं म्हणजे जवळजवळ असतील, असं समजून चुकीचं दार निवडलं तर ती सकाळ गेलीच.

दोन गोष्टी कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. आणि मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारी दुपारची फेरी नसते. शनिवार-रविवार धरून बुधवारी परतायचा बेत करणाऱ्यांची शेवटची दुपार यात वाया जाते.

इंदूरहून जायचे दोन रस्ते. एक देवास-भोपाळ-औबेदुल्लागंजवरून, बुधनीला नर्मदा ओलांडून नर्मदापुरम (आधीचं होशंगाबाद), मग सोहागपूर. दुसरा खातेगाव-नेमावरवरून हंडियाला नर्मदा ओलांडून हरदा, सिवनी मालवा, इटारसी आणि पुढे सोहागपूर. अंतरात फार फरक नाही, चहापाणी धरून सात-आठ तास दोन्हीकडून लागतात. भोपाळकडचा रस्ता सरळ, पण शहराच्या वळणावर वेळ खातो. नेमावरकडून गेलं की नर्मदेचा विस्तीर्ण पाट आणि हंडियाचा घाट बघायला मिळतो, म्हणून आमची पसंती जाताना हा रस्ता आणि येताना भोपाळचा. पहाटे पाचला निघालात तर पोहे-जिलबी डब्यात न्या. रस्त्यावरच्या पोह्यांची तुलना घरच्यांशी करत बसण्यात अर्धा तास जातो.

गाडी चालवायची नसेल तर इंदूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या पिपरियाला थांबतात. अडचण एवढीच की त्या पिपरियाला भलत्याच वेळी, मध्यरात्रीनंतर पोचतात. उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबायची तयारी हवी, किंवा मुक्कामाच्या जागेची गाडी आधी सांगून ठेवायला हवी. रात्री तिथून पचमढीला वर जायची घाई करू नये. घाटात धुकं असतं आणि जनावरं रस्त्यावर असतात.

सोहागपूरहून मढई वीसेक किलोमीटर. इथे जंगल आणि आपण यांच्यामध्ये देनवा नदी आहे. नदी म्हणायचं, पण तो खरं तर तवा धरणाचा फुगवटा आहे. परवाना अलीकडच्या काठावर तपासतात, मग मोटारबोटीने पलीकडे जायचं आणि तिथे जिप्सीत बसायचं. म्हणून परवान्यावरची वेळ ही गाडीची वेळ समजू नका. पाऊण तास आधी काठावर हजर राहा. डिसेंबर-जानेवारीत पाण्यावर दाट धुकं उतरतं आणि बोट सुटायला वेळ लागतो. तेव्हा घाई करून उपयोग नसतो, पण आधी आलेल्यांची गाडी आधी निघते.

उघड्या जिप्सीतली थंडी इंदूरच्या माणसाला कळत नाही. आपल्याकडे पारा आठ-नऊवर असतो तेव्हा आपण स्वेटर घालून निभावतो. जिप्सी तीसच्या वेगानेही धावली तरी वारा अंगातून आरपार जातो. एक जाड जॅकेट चालत नाही, तीन पातळ थर लागतात: आत घाम शोषणारा, मध्ये लोकरी, बाहेर वारा अडवणारा. कानटोपी आणि हातमोजे घ्याच. साडेनऊला ऊन चढलं की एक-एक थर काढता येतो. लहान मुलांना मधल्या सीटवर बसवा, कडेला नको. कपड्यांचा रंग मातकट, खाकी किंवा गडद हिरवा हवा. पांढरा शर्ट जंगलात किती लांबून दिसतो हे एकदा दुसऱ्याच्या अंगावर बघितलं की पुन्हा कुणी घालत नाही.

दुर्बीण एकाला एक नसली तरी दोघांत एक असावी. ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली, ही सगळ्यांत उपयोगी. १०×ने चित्र मोठं दिसतं खरं, पण हलत्या गाडीत हात जरा थरथरला तरी सगळं नाचतं. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा तो मिलिमीटरमधला व्यास. पहाटेच्या अंधुक उजेडात हाच आकडा कामाला येतो. खिशात मावणारी ८×२१ स्वस्त मिळते, पण तिच्यात हा आकडा अडीचच्या आसपास राहतो आणि झाडाखालचं अस्वल काळा ठिपका होऊन जातं.

सातपुड्यात वाघ आहेत, पण ते कान्ह्यासारखे सहज दिसत नाहीत. जमीन डोंगराळ, दऱ्या खोल, झाडी दाट. इथे येऊन जो माणूस फक्त वाघाची विचारणा करतो तो गाइडची सकाळही बिघडवतो आणि स्वतःची जागाही वाया घालवतो. इथली खरी श्रीमंती वेगळी आहे. गवे आहेत, इकडे त्यांना सगळे 'बायसन' म्हणतात. अस्वलं उघड्यावर दिसतात. शेकरू सागाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उडी घेतं. रानकुत्र्यांचा कळप दिसला तर तो दिवस विसरता येत नाही. देनवेत मगरी आणि पाणमांजरं आहेत. कान्ह्यातून आणून सोडलेल्या बारशिंग्यांचे कळप आता इथे रुजले आहेत. आणि हिवाळ्यात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून या पाण्यावर उतरतात.

उद्यान १९८१ साली घोषित झालं. पुढे बोरी आणि पचमढी ही अभयारण्यं त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचं एकूण क्षेत्र २१०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. बोरीचं जंगल १८६५ पासून राखीव आहे. देशातल्या सगळ्यांत जुन्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. आतली बरीच गावं बाहेर वसवली गेली आणि त्यांच्या जुन्या शेतांची आता कुरणं झाली आहेत. जंगलातून जाताना अचानक मोठं मोकळं गवत लागलं, कडेला आंब्याची चार म्हातारी झाडं दिसली, की ते गाव होतं असं समजावं. चितळं आणि गवे तिथेच सापडतात.

आता पायी जंगल. सातपुड्याचं वेगळेपण हेच आहे: वाघ असलेल्या जंगलात रीतसर परवानगीने, गाइड आणि वनरक्षकासोबत पायी फिरता येतं. आमच्या मते इथे दोन जिप्सी फेऱ्या घेण्यापेक्षा एक जिप्सी आणि एक पायी फेरी घ्यावी. मुक्कामाच्या जागेला आरक्षण करतानाच विचारा. ऐनवेळी परवानगी आणि वनरक्षक दोन्ही मिळत नाहीत. लहान मुलांना नेत नाहीत, ते योग्यच आहे.

अंतर फार नसतं, चार ते सहा किलोमीटर. वेळ मात्र तीन तास, कारण वेग ताशी दोन किलोमीटरच्या वर जात नाही. ज्याला रोज इंदूरच्या रीजनल पार्कमध्ये झपझप चालायची सवय आहे त्याला हे आधी जड जातं. एकामागे एक चालायचं, पुढच्यापासून दोन हात अंतर ठेवून. पुढे वनरक्षक, मागे गाइड. पुढच्याने हात वर केला की जिथे पाय आहे तिथेच थांबायचं, उचललेला पाय खाली टाकायच्या आधी सुकं पान बघायचं. सागाचं वाळलेलं पान म्हणजे पापड. त्यावर पाय पडला की दोनशे पावलांवरचं सांबर मान वर करतं. म्हणून टाच आधी नको, पायाची बाहेरची कड आधी टेकवायची आणि मग हळूच वजन द्यायचं. अर्ध्या तासात ते अंगवळणी पडतं.

अत्तर, सुगंधी पावडर, केसांचं वासाचं तेल आदल्या रात्रीपासून बंद. वाऱ्याची दिशा बघायला वनरक्षक चिमूटभर धूळ सोडतो. वारा आपल्याकडून जनावराकडे असेल तर वाट बदलतो. तेव्हा 'इकडून जवळ होतं ना' असं म्हणू नये.

भीती कशाची बाळगायची हे नीट समजून घ्या. वाघ बहुतेक वेळा आपल्याला आधी ओळखतो आणि बाजूला होतो. खरा सांभाळायचा प्राणी अस्वल. ते वारूळ उकरत असतं तेव्हा डोकं मातीत, फुसफुसण्याचा स्वतःचाच आवाज, नजर बेताची. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि कळलं की दचकून ते अंगावर येतं. म्हणून दाट झुडपाच्या वळणावर वनरक्षक मुद्दाम थांबून कानोसा घेतो. दुसरा प्राणी म्हणजे एकटा नर गवा. कळपातले गवे बघून दूर होतात, पण एकटा म्हातारा बैल जागा सोडत नाही. तो आडवा उभा राहून अंगाची पूर्ण लांबी दाखवू लागला की तो इशारा असतो. मागे सरकायचं, पाठ न दाखवता. कुठल्याही जनावरापुढे पळायचं नाही, एवढं एक पाठ असलं तरी पुरे.

पायी चालताना जमीन वाचता येते, ते जिप्सीतून होत नाही. ओढ्याच्या पात्रातली वाळू वाळूखडकाची, बारीक आणि मऊ, ठसे सुंदर धरते. वाघाच्या पंजाच्या ठशात नखं उमटत नाहीत, रानकुत्र्याच्या ठशात उमटतात. नराच्या मागच्या पावलाचा ठसा चौकोनाकडे झुकतो, मादीचा थोडा लांबट. कडा धारदार असेल तर ठसा ताजा, आत पान पडलं असेल किंवा मुंगीची वाट गेली असेल तर जुना. अर्जुनाच्या गुळगुळीत पांढरट खोडावर वर चढत गेलेले ओरखडे दिसले की ते अस्वल, मधासाठी चढलेलं. मार्चमध्ये मोहाखाली अस्वलाची विष्ठा सापडते, तिच्यात मोहाची फुलं जवळजवळ तशीच दिसतात. उन्हाळ्यात पान झडलेलं कांडोळाचं झाड पांढऱ्या हाडासारखं उभं असतं. गाइड त्याला 'भूतिया पेड' म्हणून दाखवतो, आणि रात्री चांदण्यात बघितलं तर नाव पटतं.

आवाजांचं थोडं. चितळाचा इशारा तीक्ष्ण, शिट्टीसारखा. ते घाबरट, कधी उगीचही ओरडतं. वानराचा खाकरल्यासारखा आवाज झाडावरून येतो. ते वरून बघतं, म्हणून त्याने बघितलेलं बहुधा खरं असतं. सांबराचा 'ढाँक' मात्र सगळ्यांत भरवशाचा. सांबर शिकारी जनावर बघितल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय सहसा बोलत नाही. एका जागेवरून दर थोड्या वेळाने 'ढाँक' येत राहिलं तर गाइड गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबतो. त्या वेळात बिस्किटाचा पुडा उघडू नये. प्लॅस्टिकचा कुरकुर आवाज जंगलात कुठल्याच प्राण्याचा नसतो.

पायांत घोट्यापर्यंतचे बूट, तळ खडबडीत आणि आधी महिनाभर वापरलेले. नवे बूट घालून आलेल्याला दुसऱ्या दिवशी टाचेवर फोड हा येतोच. मोजे पँटवर चढवायचे, आत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत उंच असतं आणि त्यात गोचिडी असतात. त्याच दिवसांत कुसळं मोज्यातून आरपार जाऊन बोचतात. जाड विणीच्या लोकरी मोज्यात ती अडकतात आणि निघत नाहीत, गुळगुळीत नायलॉनच्या मोज्यात कमी अडकतात. फेरीनंतर खोलीत गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली आणि काखेत गोचिडी आहेत का बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडीने चटका देणं करू नका, त्याने तोंड आत राहतं. माणशी दीड लिटर पाणी, चिमूटभर मीठ-साखर आणि मूठभर दाणे-गूळ एवढं पुरतं. शेव-नमकीन जंगलात नको. त्याने तहान वाढते.

महिना कुठला निवडावा? ऑक्टोबर हिरवागार, पण गवतात काही दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी आणि चालण्यासाठी उत्तम. आमचा आवडता मार्च: पळस पेटलेला, मोह पडायला लागलेला, सकाळी अजून गारवा. एप्रिल-मेमध्ये मढईला पारा चाळीसच्या वर जातो, पण तवा धरणाचं पाणी उतरतं, काठ दूर सरकतो आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं. मग संध्याकाळी गवे आणि चितळं काठावर उतरतात. ऊन सोसत असेल तर प्राणी बघायला हेच दिवस खरे.

मढईहून पचमढी साधारण नव्वद किलोमीटर. सोहागपूर, पिपरिया, मग मटकुलीपासून घाट. अडीच तास लागतात. या घाटात देनवा पुन्हा भेटते. जिच्यावरून नावेने गेलो तीच नदी, पण इथे दगडांतून उड्या मारत. पचमढीच्या डोंगरांचं पाणी देनवेत, देनवेचं तव्यात, तव्याचं नर्मदापुरमजवळ बांद्राभानला नर्मदेत. आणि खूप खाली जलूदहून पंपाने वर चढून तेच नर्मदेचं पाणी इंदूरच्या नळाला येतं. आपण नळ उघडतो तेव्हा त्यात या डोंगरावरचा पाऊस थोडा तरी असतो.

घाट चढताना दगड बदलतो तो बघा. आपला माळवा काळ्या कातळाचा आणि काळ्या मातीचा. इथे तांबूस-पिवळा वाळूखडक सुरू होतो. या खडकात पाणी सरळ खाली चिरत जातं, म्हणून पचमढीत डोंगर कमी आणि खोह जास्त आहेत: अरुंद, खोल, उभ्या भिंतींच्या दऱ्या. हांडी खोह काठावरून बघितली की ते कळतं. तळाशी ऊन जेमतेम पोचतं, ओल वर्षभर टिकते, म्हणून मध्य भारताच्या ऐन मधोमध इथे वृक्षनेचे वाढतात. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी कितीतरी वर्षं इथे सहलीला येतात ते यासाठीच. या सगळ्या प्रदेशाचा, पचमढी जीवावरण राखीव क्षेत्राचा, युनेस्कोच्या अशा राखीव क्षेत्रांच्या जागतिक यादीत २००९ साली समावेश झाला.

वाळूखडकाचा एक धोका आहे. त्याची झीज होऊन सपाट दगडावर बारीक वाळूचा थर साचतो. कोरड्या दिवशीही त्यावरून पाय घसरतो, मोहऱ्यांवर पाय पडल्यासारखा. पचमढीत मुरगळणारे घोटे बहुतेक उतरताना मुरगळतात, आणि तेही ओल्या दगडावर नाही, या वाळूवर. उतरताना गुडघे किंचित वाकवून, पाऊल पूर्ण सपाट टेकवून चाला.

पचमढीत अभयारण्याच्या आतल्या ठिकाणांसाठी आपली गाडी चालत नाही. वन विभागाची परवानगी आणि स्थानिक जिप्सी घ्यावी लागते. चौकशी बायसन लॉजजवळ होते. ही इमारत कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६२ साली बांधली, पचमढीतलं ते पहिलं पक्कं घर मानतात. सुट्टीच्या दिवसांत तिथे सकाळी उघडण्याआधीच रांग लागलेली असते. एकाच दिवसात सगळे पॉइंट दाखवतो म्हणणाऱ्या चालकाला नम्रपणे नको म्हणा. अप्सरा विहार आणि तिथून चालत रजत प्रपाताचा कडा, शंभर मीटरहून उंच धार, एवढं एका सकाळीला भरपूर आहे. बी फॉलला उतरायला शेकडो पायऱ्या आहेत. उतरताना सगळे हसतात, चढताना कुणी बोलत नाही. गुडघेदुखी असेल तर तो वरूनच बघावा.

चालायचं असेल तर चौरागड. महादेव गुहेपर्यंत गाडीने जायचं, तिथून साधारण साडेतीन किलोमीटर, शेवटी तेराशेच्या आसपास पायऱ्या. सकाळी सातला सुरुवात करा. चढायला दीड ते दोन तास, उतरायला सव्वा. पायऱ्यांची उंची सारखी नाही, म्हणून काठी उपयोगी पडते. मात्र ती उतरताना जास्त लागते, चढताना कमी. पाणी महादेवापाशीच भरून घ्या. वर देवळाभोवती भाविकांनी वाहिलेले हजारो त्रिशूळ उभे आहेत. महाशिवरात्रीला विदर्भातून लोक खांद्यावर मणामणाचे त्रिशूळ घेऊन ही वाट चढतात, तेव्हा पायऱ्यांवर मराठीच ऐकू येते. श्रद्धेने जायचं तर तेव्हा जा. शांत डोंगर हवा असेल तर त्या आठवड्यात जाऊ नका. श्रावणात नागपंचमीच्या आसपास नागद्वारीची यात्रा असते, तेव्हाही पचमढी भरून वाहते. ती वाट एरवी बंद असते, आणि यात्रेतही पावसात दिवसभराची चढउतार आहे. केवळ हौसेने जायची वाट नव्हे ती.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात, काळ्या लोंबत्या चादरीसारखी. त्यांच्याखाली विडी-सिगारेट, उदबत्ती, आरडाओरडा, दगड मारणं काहीही नको. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड कपड्याने झाकून त्या जागेपासून शक्य तितकं लांब निघून जायचं. हात झटकत उभं राहिलं तर आणखी येतात. माकडांसाठी सॅकची चेन बंद ठेवा. पॉलिथिनची पिशवी हातात दिसली की ती ओढून नेतात, आत औषधं असोत की चष्मा.

धूपगडला सूर्यास्ताला सगळी पचमढी लोटते. सूर्योदयाला गर्दी निम्म्याहून कमी असते, पण त्यासाठी चालकाशी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवावं लागतं आणि खालच्या नाक्यावर गाड्या कधी सोडतात ते विचारून घ्यावं लागतं. मढईपेक्षा हजार मीटर वर आहात, म्हणजे हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड, वर वारा वेगळा. मढईचे तिन्ही थर इथे पुन्हा घाला. डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात, त्यांच्यामध्ये खोहांतलं धुकं दुधासारखं साचलेलं असतं आणि ऊन चढलं की अर्ध्या तासात विरतं. फोटो काढणाऱ्यांनी तो अर्धा तास धरावा. त्यानंतर सगळं एका रंगाचं होतं.

परतीला पचमढीहून सकाळी आठच्या आत निघा. घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ब्रेकवर गाडी सोडू नका. मटकुलीला पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास येणाऱ्या गाड्या रोज दिसतात. पिपरियाला जेवण नको, नुसता चहा. नर्मदापुरमला सेठानी घाटावर पाय धुवायला तासभर मिळाला तर तो घ्यावा. बुधनीच्या पुढचा जंगलातला रस्ता अंधार पडायच्या आत पार करा, भोपाळ बाहेरूनच ओलांडा, आणि बूट डिकीतच एका पिशवीत बांधून आणा. त्यांच्या तळाला अजून सातपुड्याची वाळू आणि कुसळं असतात, ती घरात विखुरली की आठवडाभर पायाला टोचतात.